एका आडनावाची जहाजे

29 ऑगस्ट 1842. नानकिंगसमोर यांगत्से नदीत नांगरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवर चिनी बादशहाचे प्रतिनिधी चढले आणि तहावर सह्या झाल्या. हाँगकाँग बेट हातचे गेले, पाच बंदरे ब्रिटिश व्यापाराला खुली झाली आणि 2 कोटी 10 लाख चांदीचे डॉलर चीनच्या माथी बसले. अफूच्या पहिल्या युद्धाचा शेवट ज्या नौकेवर झाला, ती मुंबईच्या गोदीत सागवानात घडली होती. तिचे नाव 'कॉर्नवॉलिस'.

हे आडनाव आपण शाळेतच वाचतो. चार्ल्स कॉर्नवॉलिस 1786 ते 1793 या काळात गव्हर्नर जनरल होता. बंगालची कायमधारा पद्धत त्याची. टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या जोडीला होत्या. त्याआधी अमेरिकेत याच सेनापतीवर मोठी नामुष्की ओढवली होती. 5 सप्टेंबर 1781 रोजी फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या मुखाशी ब्रिटिश जहाजांना परतवले, यॉर्कटाउनला अडकलेल्या कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट बंद झाली आणि 19 ऑक्टोबरला त्याचे सैन्य शरण आले. आरमाराची मदत न पोहोचल्याने हरलेल्या या माणसाचे नाव पुढे जहाजावर कोरले गेले.

1801 मध्ये मुंबईत बांधलेल्या जहाजाचे नाव 'मार्क्विस कॉर्नवॉलिस' होते. तिथे शंकेला जागा नाही, कारण मार्क्विस ही पदवी चार्ल्सची. 1805 मध्ये ब्रिटिश आरमाराने ते विकत घेतले आणि पदवी गळून नुसते 'कॉर्नवॉलिस' उरले. गुंता इथून सुरू होतो. चार्ल्सचा धाकटा भाऊ विल्यम हा नामांकित आरमारी सेनानी. थोरला गव्हर्नर जनरल असतानाच धाकटा हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख म्हणून आला होता. एका भावाने जमीन सांभाळली, दुसऱ्याने पाणी. 1901 मध्ये पाण्यात उतरलेली पोलादी 'कॉर्नवॉलिस' या धाकट्याची. तिच्या वर्गातल्या सहाही नौकांना आरमारी सेनानींची नावे होती. फेब्रुवारी 1915 मध्ये तिने डार्डनेल्सच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या. 9 जानेवारी 1917 रोजी माल्टाजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडवले.

नानकिंगच्या तहाची, मुंबईत बांधलेली 74 तोफांची 'कॉर्नवॉलिस' मात्र संपूर्ण लाकडी. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि 12 मे 1813 रोजी पाण्यात उतरली. खाऱ्या पाण्यातली कीड लागू नये म्हणून जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. हे तांबे 'जावा' या नौकेवरून इंग्लंडहून येत होते. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पाडाव केला, तांबे पोहोचलेच नाही आणि मुंबईतले काम रखडले. त्याच 'जावा'वर मुंबईला निघालेला जनरल थॉमस हिस्लॉप होता. पाच वर्षांनी, 21 डिसेंबर 1817 रोजी, महिदपूरच्या रणात होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. गोदीतले तांबे आणि क्षिप्रेकाठचे रण एका जहाजाने असे जोडले.

या आडनावाचा तिसरा मानकरी कॅनडात सापडतो. एडवर्ड कॉर्नवॉलिस हा या दोघा भावांचा काका आणि तोही सेनाधिकारी. 1749 मध्ये त्याने हॅलिफॅक्स वसवले आणि त्याच वर्षी तिथल्या मूळच्या मिगमाव लोकांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. पुराव्यादाखल डोक्याची सोललेली कातडीही चालत होती. अशा माणसाचे नाव कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या, 1986 मध्ये सेवेत आलेल्या जहाजावर होते. जानेवारी 2018 मध्ये हॅलिफॅक्समधला त्याचा पुतळा उतरवला गेला आणि 2021 मध्ये जहाजाचेही नाव बदलले. नवे नाव 'कोपिट हॉप्सन 1752'. मिगमाव प्रमुख जाँ-बाप्तिस्त कोप आणि गव्हर्नर पेरेग्रिन हॉप्सन यांनी 1752 मध्ये शांततेचा तह केला होता. त्या तहाच्या दोन्ही बाजू आता एकाच जहाजावर नांदतात.

जहाजांची नावे पूर्वीही बदलत. 1805 मध्ये घेतलेली 'कॉर्नवॉलिस' 1811 मध्ये 'अकबर' झाली. तो कचेरीतल्या सोयीचा मामला होता. कॅनडात मात्र एका समाजाने आपल्या स्मृतीशी हिशेब केला, आणि मला तो मोलाचा वाटतो. जहाजावर नाव कोरणे म्हणजे हा माणूस आमचा, असे प्रत्येक बंदरात जाऊन सांगणे. म्हणून ते सांगण्याआधी त्या माणसाने काय केले हे ठाऊक असायला हवे. मुंबईतही हे घडले आहे. गोदीशेजारच्या जुन्या किल्ल्यातल्या नौदल तळाला गव्हर्नर जनरल डलहौसीचे नाव होते. 1951 मध्ये तिथे कान्होजी आंग्र्यांचे आले. ज्यांना इंग्रज चाचा म्हणत, त्यांचेच नाव इंग्रजांच्या किल्ल्यावर लागले.

आणि मुंबईची ती 'कॉर्नवॉलिस'? 1855 मध्ये तिला वाफेचे यंत्र बसले, 1865 पासून ती इंग्लंडमधल्या शीअरनेसला धक्का म्हणून उभी राहिली. 1916 मध्ये तिचे नाव 'वाइल्डफायर' झाले. 1957 मध्ये ती मोडली गेली. सेनापतीचे की सेनानीचे, जे कोणाचे ते नाव निघून गेल्यावरही 41 वर्षे मुंबईच्या सुतारांनी जोडलेला साग थंड पाण्यात तग धरून होता.