दुधाच्या दातातली नोंद

हाडं आयुष्यभर झिजतात आणि पुन्हा भरत राहतात. दाताच्या वरच्या कवचाचं तसं नाही. ते एकदा घडलं की शरीर त्याची डागडुजी करत नाही. दुधाचे दात आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास घडू लागतात आणि बाळ साधारण वर्षाचं होईतो त्यांचे माथे पुरे होतात. त्या दिवसांत आईच्या आणि बाळाच्या अन्नातून जे आलं, त्याची खूण तिथे राहून जाते. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराचा पडलेला दात त्याच्या जन्माच्या आसपासची हकिगत सांगू शकतो!

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरानं ती ऐकायचं ठरवलं. १९५० च्या दशकात अणुचाचण्या उघड्या हवेत होत. दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या नेवाडाच्या वाळवंटात उडालेली धूळ पावसाबरोबर इथल्या कुरणांवर उतरे. तिच्यातलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून मुलांत जाई. ते कॅल्शियमसारखंच वागतं, त्यामुळे शरीर फसतं आणि त्याला हाडादातांत जागा देतं. निम्मं व्हायलाही त्याला सुमारे २९ वर्षं लागतात. मुलांना दूध द्यावं तरी कसं, ही आईबापांची धास्ती खरी होती. पण धास्तीला आकडा नव्हता.

१९५८ च्या अखेरीस शास्त्रज्ञ आणि नागरिकांच्या एका समितीनं घरोघरचे पडलेले दात मागितले. डॉ. लुईझ राइस यांनी सुरुवातीची धुरा वाहिली. प्रत्येक दातासोबत एक कार्ड यायचं: जन्मतारीख काय, गरोदरपणी आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होतं की बाटलीनं. पोरांना बदल्यात बिल्ला मिळे, 'मी माझा दात विज्ञानाला दिला'. १९७० पर्यंत तीन लाखांहून जास्त दात जमले.

गंमत अशी, की सुरुवातीला हाती आलेले दात हायड्रोजन बॉम्बच्या मोठ्या चाचण्यांआधी जन्मलेल्या मुलांचे होते. तुलनेसाठी जुना काळ आयताच मिळाला. १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० चं प्रमाण १९५० च्या मुलांपेक्षा सुमारे ५० पट भरलं. त्याच वर्षी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघानं हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यामागच्या जनमताला आधीच्या निष्कर्षांनी बळ दिलं होतं. पुढे जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे प्रमाण उतरत गेलं.

२००१ मध्ये तिथल्या एका विद्यापीठाच्या कोठारात यांतले सुमारे ८५ हजार दात सापडले. आता संशोधक त्यांत शिसं आणि इतर धातू शोधताहेत, कारण कार्डावरची ती मुलं आज म्हातारी झाली आहेत आणि बालपणी अंगात गेलेल्या धातूंचा उतारवयातल्या बुद्धीवर काय परिणाम होतो, हे त्यांच्याकडूनच कळू शकतं.