आवाजाची पोचपावती

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पाहावे तो शेतात गुडघाभर पाणी आणि काढणीला आलेले सोयाबीन आडवे झालेले. शेतकरी मोबाइल काढतो आणि विम्याच्या मदत-क्रमांकावर फोन लावतो. पलीकडून प्रथम एक ठरावीक वाक्य ऐकू येते, "आपले संभाषण ध्वनिमुद्रित केले जात आहे." मग कोणी तरी गट क्रमांक, पीक, तारीख विचारून घेते, एक नोंद क्रमांक देते आणि फोन बंद होतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे ठरावीक वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकले असेल. पण ते मुद्रित संभाषण पुढे जाते तरी कोठे? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या २०१८ सालच्या नियमांत अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत देण्याची अट होती. उद्या कोणी म्हणाले, "तुमचा फोन वेळेत आलाच नव्हता," तर त्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा बळकट साक्षीदार म्हणजे त्याचाच मुद्रित आवाज. हा साक्षीदार हरवू नये, बदलू नये आणि भलत्याच्या हाती लागू नये, यासाठी काय करतात ते आज पाहू.

आवाजाचे वजन

टेलिफोनवर आपल्या आवाजातील साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतच्या लहरी वाहून नेल्या तरी बोलणे नीट समजते. लहरीचे आकड्यांत रूपांतर करायचे तर तिच्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा तिचे माप घ्यावे लागते. म्हणून रूढ पद्धतीत सेकंदाला ८००० मापे घेतात आणि प्रत्येक माप एका बाइटमध्ये लिहितात.

आता हिशेब करा. एका सेकंदाला ८००० बाइट, एका मिनिटाला ४,८०,००० बाइट आणि पाच मिनिटांच्या संभाषणाला २४ लक्ष बाइट, म्हणजे २.४ मेगाबाइट. समजा, एका कॉल सेंटरमध्ये १०० जण बसतात आणि प्रत्येक जण दिवसाला ६० फोन घेतो. झाले ६००० फोन आणि १४.४ गिगाबाइट, तेही एका दिवसात! एकेक मुद्रण हाताने उचलून दुसरीकडे ठेवायला एक मिनिट लागते असे धरले, तर रोज १०० तासांचे काम होईल. त्यासाठी बारा-तेरा माणसे दिवसभर राबवावी लागतील आणि कंटाळून ती चुकाही करतील. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवतात.

ढग नव्हे, कोठार

ही मुद्रणे 'क्लाउड'मध्ये ठेवतात असे आपण ऐकतो. हा ढग आकाशात नसतो. अभियंते आकृती काढताना दूरवरचे जाळे ढगाच्या आकाराने दाखवत, त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात असतात त्या संगणकांनी खच्चून भरलेल्या इमारती. ॲमेझॉन कंपनीने 'एस-थ्री' हे असे कोठार १४ मार्च २००६ रोजी लोकांना खुले केले, आणि २०१६ पासून तिची कोठारे मुंबईतही आहेत. येथे एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीकडची प्रत शाबूत राहते.

विचारायचे की कळवायचे?

कॉल सेंटरची आज्ञावली एका कंपनीची आणि कोठार दुसऱ्या कंपनीचे. दोघांची ओळखदेख नाही. मात्र प्रत्येकाने बाहेरच्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवलेली असते. बँकेच्या खिडकीवर ठरावीक नमुन्यातली चिठ्ठी भरून दिली की ठरलेले काम होते, तसेच येथे होते. या खिडकीला 'एपीआय' म्हणतात. दोन खिडक्यांच्या मध्ये एक निरोप्या नेमतात, तो म्हणजे स्वयंचलनाची आज्ञावली. २०११ मध्ये सुरू झालेली 'झॅपियर' ही सेवा या प्रकारातली. निरोप्याला नियम सांगून ठेवलेला असतो : 'अमुक घडले की तमुक कर.' येथे नियम असा : 'फोन संपला आणि मुद्रण तयार झाले की ते कोठारात नेऊन ठेव.'

पण फोन संपला हे निरोप्याला कळणार कसे? समजा, तुम्ही पत्राची वाट पाहत आहात. एक मार्ग असा, की दर पाच मिनिटांनी पोस्टात जाऊन "माझे पत्र आले का?" असे विचारायचे. दिवसाला २८८ खेपा होतील, त्यांतल्या बहुतेक फुकट जातील आणि तरीही पत्र हाती पडायला सरासरी अडीच मिनिटांचा उशीर होईल. दुसरा मार्ग असा, की आपला पत्ता देऊन ठेवायचा आणि पोस्टमनने दारी यायचे. या दुसऱ्या पद्धतीला 'वेबहुक' म्हणतात. हे नाव २००७ मध्ये जेफ लिंडसे या संगणकतज्ज्ञाने दिले.

पोचपावती हरवली तर?

खरी मेख येथे आहे. निरोप्या मुद्रण घेऊन कोठाराकडे गेला, कोठाराने ते ठेवून घेतले आणि पोचपावती धाडली. पण वाटेत इंटरनेट तुटले आणि पावती आलीच नाही. आता निरोप्याने काय समजावे? मुद्रण पोचले नाही, की पोचले पण पावती हरवली? त्याला दोन्ही सारखेच दिसते!

पोचले असेल असे मानून तो गप्प बसला, तर कधी तरी साक्षीदार कायमचा हरवेल. म्हणून तो पुन्हा पाठवतो. पहिल्यांदा एक मिनिट थांबून, मग दोन, मग चार, मग आठ. वाट पाहण्याचा काळ असा दुप्पट करत नेला म्हणजे अडचणीत सापडलेल्या कोठारावर गर्दी होत नाही.

पण मग तेच मुद्रण दोनदा साठेल त्याचे काय? यावर उपाय असा, की प्रत्येक फोनला एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि फाइलला तेच नाव द्यायचे. तरीही सावध राहावे लागते. 'एस-थ्री'मध्ये त्याच नावाची फाइल पुन्हा ठेवली तर सामान्यतः जुनीची जागा नवी घेते. 'गूगल ड्राइव्ह'मध्ये मात्र एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी नांदू शकतात. म्हणून ठेवण्यापूर्वी 'या क्रमांकाची फाइल आहे का?' हे निरोप्याने विचारलेच पाहिजे.

पोचलेले मुद्रण जसेच्या तसे आहे हे कसे ओळखायचे? फाइलमधल्या सर्व आकड्यांवर गणिती प्रक्रिया करून एक छोटा आकडा काढतात. त्याला फाइलचा अंगठा म्हणा. निघताना आणि पोचल्यावर घेतलेले ठसे जुळले तरच मूळ प्रत पुसायची. आधी ठेवणे, मग पडताळणे आणि शेवटी पुसणे. हा क्रम मोडता कामा नये.

घड्याळाचेही भान हवे. अनेक संगणक जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे १२ तारखेच्या पहाटे ४ वाजता केलेला फोन तेथे ११ तारखेच्या रात्री १०.३० चा म्हणून नोंदला जातो. रूपांतर करायला विसरले तर ७२ तासांचा हिशेबच चुकेल.

किल्ली कोणाकडे?

निरोप्याला कोठाराची मुख्य किल्ली द्यायची नसते. त्याला एकाच खोलीची आणि ठरावीक मुदतीने बाद होणारी किल्ली देतात. अशा किल्ल्यांची 'ओऑथ २.०' ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. कारण त्या खोलीत असतात माणसांचे आवाज, त्यांचे पत्ते, त्यांच्या अडचणी. बँकेच्या कार्डामागचा गुप्त आकडा तर साठवूनच ठेवायचा नसतो, म्हणून तो सांगितला जात असताना मुद्रण थांबवण्याची सोय करतात. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी भारताने २०२३ मध्ये कायदाही केला आहे.

करून पाहा

वर्गात चार जण पुढे या. एक कॉल सेंटर, एक निरोप्या, एक कोठार आणि चौथा 'तुटके इंटरनेट'. कॉल सेंटरने दहा चिठ्ठ्यांवर एकेक वाक्य लिहावे. निरोप्याने प्रत्येक चिठ्ठीची नक्कल कोठाराला पोचवावी आणि पावती आणावी. चौथ्याने मधूनच एखादी चिठ्ठी किंवा एखादी पावती गुपचूप काढून घ्यावी. पहिल्या खेपेला चिठ्ठ्यांवर क्रमांक घालू नका, दुसऱ्या खेपेला घाला. दोन्ही वेळा कोठारात किती चिठ्ठ्या जमल्या ते मोजा आणि फरक का पडला याची वर्गात चर्चा करा.

आणि पुढच्या वेळी घरातल्या कोणी मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर तो नोंद क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवायला सांगा. साठवलेल्या हजारो आवाजांतून नेमका आपला आवाज शोधायची वेळ आली, तर तोच क्रमांक उपयोगी पडेल.