पुढचा ब्रेक

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील’ हा उपदेश दुचाकी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला घरातूनच मिळतो. तो अर्धाच खरा आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो. त्यामुळे गाडी थांबविण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकाएकी आवळला, तर मात्र चाक जागीच अडते आणि गाडी घसरते.

या अडकण्यावरचा उपाय म्हणजे एबीएस. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के १०० मोटरसायकलला तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात बसविला. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना तो सक्तीचा झाला. चाक अडू लागताच ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते, पुन्हा वाढविते. हे सेकंदात अनेक वेळा घडते. पुष्कळ गाड्यांत ही सोय केवळ पुढच्या चाकास असते, हे विकत घेताना क्वचितच कोणी विचारतो.

परंतु वाळूवर किंवा पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या डांबरावर नसलेली पकड यंत्र कोठून आणणार? ताशी ६० किलोमीटर वेगात भानावर येण्यास एक सेकंद लागला, तरी गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. तेथे एबीएसचा काहीच संबंध नाही.

मोकळ्या मैदानात, कमी वेगापासून आरंभ करून, दोन्ही ब्रेक क्रमाने घट्ट दाबण्याचा सराव मुलामुलींकडून करवून घ्यावा. एबीएसची थरथर बोटांना प्रथमच जाणवली की नवखा चालक दचकून ब्रेकच सोडून देतो. ही पहिली ओळख भर रहदारीत होऊ नये.