ऊर्जेचा निव्वळ नफा

ताळेबंद वाचताना आपण ढोबळ नफ्यापाशी थांबत नाही. खर्च वजा जाता उरले किती, हे पाहतो. ऊर्जेचेही तसेच. ती मिळविण्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा वजा करावी, उरते ती निव्वळ ऊर्जा.

बंगळूरमध्ये गच्चीगच्चीवर दिसणारे सौर बंब या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ४.६५ युनिट ऊर्जा लागते. हेच काम गीझरने केले आणि वीज रायचूरसारख्या औष्णिक केंद्रातून आली, तर कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते. म्हणजे सुमारे १४ युनिट उष्णतेचा कोळसा जळतो. खाणकाम, रेल्वे वाहतूक व तारांतील गळती निराळीच. उष्णतेची वीज करून तिची पुन्हा उष्णताच करणे, हा व्यवहार कोणत्याही लेखापालास खटकावा!

सौर बंबासाठी तांबे, काच व पोलाद घडविताना ऊर्जा खर्च होते ती एकदाच. पुढे अनेक वर्षे ऊन फुकट. ढगाळ दिवसांत मात्र विजेची जोड लागते. तरीही ग्राहक कचरतो तो आरंभीच्या रकमेपायी. गीझर स्वस्तात घरी येतो, त्याचे बिल मागाहून दरमहा येत राहते. म्हणून बंबासाठी कर्ज घेताना मासिक हप्ता आणि वाचणारे वीजबिल शेजारी शेजारी मांडून पाहावे.