हात थरथरण्याच्या आधीपासून

कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. पण या आजाराच्या रुग्णांना मागचं विचारलं, तर अनेकजण वेगळंच सांगतात: हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून पोट साफ होत नव्हतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं जे वर्णन लिहिलं, त्यातही आतड्यांच्या मंदपणाची नोंद आहे. म्हणून आपण सुरुवात पोटापासूनच करू. मात्र बद्धकोष्ठ घरोघरी असतं आणि ते असणाऱ्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मेंदूत खोलवर काळसर दिसणारा एक छोटा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्याच्यामुळे आपली हालचाल सहज होते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. मरणाऱ्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. हे प्रथिन निरोगी माणसातही असतं. फक्त इथे त्याची घडी चुकते, आणि एकाची चुकली की शेजारच्याचीही चुकत जाते.

आतड्याच्या भिंतीतही मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, आणि अशाच गुठळ्या तिथेही आढळतात. जर्मनीतले हाइको ब्राक यांनी २००३ साली मांडलं की काही रुग्णांत ही चुकलेली घडी पोटात सुरू होत असावी आणि व्हेगस मज्जातंतूच्या वाटेने वर चढत असावी. व्हेगस म्हणजे मेंदूच्या देठापासून पोटापर्यंत उतरणारी लांब नस.

याला एक अनपेक्षित पुरावा मिळाला. पूर्वी जठरातल्या व्रणावर, म्हणजे अल्सरवर उपाय म्हणून व्हेगस कापत असत. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये अशा रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. नसेचं मुख्य खोडच कापलेल्यांत, बरीच वर्षं उलटल्यावर, कंपवाताचं प्रमाण काहीसं कमी दिसलं. नुसत्या फांद्या कापलेल्यांत तसा फरक दिसला नाही.

आता जिवाणू. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यांतले बरेच आपल्या उपयोगाचे असतात. त्यांतले काही आपण खाल्लेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याचं अस्तर त्याच्यावर पोसलं जातं. कंपवाताच्या रुग्णांत नेमके हे जिवाणू कमी आढळतात. अस्तर कमकुवत झालं की आत सूज धरते, आणि ती सूज प्रथिनाच्या गुठळ्यांना हातभार लावत असावी, असा अंदाज आहे.

२०१६ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत सार्किस मझमानियन यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केला. हे उंदीर अल्फा-सिन्युक्लिन जास्त बनवणारे होते. पोटात एकही जिवाणू नसेल अशा रीतीने वाढवलेल्यांची हालचाल बरीच चांगली राहिली. त्यांच्या पोटात कंपवाताच्या रुग्णांचे जिवाणू सोडले, तेव्हा ती बिघडली. निरोगी माणसांचे जिवाणू सोडल्यावर तेवढी बिघडली नाही.

इथेच वाचणाऱ्याची गल्लत होते. हे उंदीर मुळातच आजाराकडे झुकलेले होते. माणसात बद्धकोष्ठ, बदललेला आहार आणि औषधं यांनीही जिवाणू बदलतात. म्हणून ‘जिवाणूंमुळे कंपवात होतो’ असं आज कोणी ठामपणे म्हणू शकत नाही.

पण एका ठिकाणी जिवाणूंचा हात स्पष्ट दिसतो: गोळीच्या प्रवासात. घरात रुग्ण असेल तर हा भाग सावकाश वाचा. लेवोडोपा हे मुख्य औषध मेंदूत पोहोचल्यावर त्याचं डोपामिन होतं. ते वाटेतच होऊन गेलं तर वाया जातं, म्हणून गोळीत सोबत कार्बिडोपा घातलेलं असतं. ते आपल्या शरीरातल्या विकराला, म्हणजे हा बदल घडवणाऱ्या प्रथिनाला अडवतं. २०१९ साली लक्षात आलं की एंटेरोकॉकस फिकॅलिस या आतड्यातल्या जिवाणूकडेही असाच विकर आहे, आणि कार्बिडोपा त्याला अडवू शकत नाही. गोळीच्या वाटेतला हा पहिला अडथळा.

दुसरा अडथळा ताटातला. लेवोडोपा लहान आतड्यातून ज्या दारांनी रक्तात शिरतं, त्याच दारांनी प्रथिनांचे घटकही शिरतात. गोळी दूध, डाळ, अंडं किंवा पनीर यांच्यासोबत घेतली तर दारात गर्दी होते. साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्यासोबत घ्यायला सांगतात. सुरुवातीला मळमळ होते म्हणून आपल्या डॉक्टरांनी खाऊन घ्यायला सांगितली असेल, तर तसंच करा. आणि भीतीने डाळ-दूध बंद करू नका. वजन आणि ताकद दोन्ही घटतात, तेही या आजारात.

तिसरा अडथळा पोट मंद असण्याचा. जठर उशिरा रिकामं होतं, गोळी तिथेच पडून राहते आणि घरचे म्हणतात, ‘आज गोळी लागू पडली नाही.’ पोट साफ ठेवणं म्हणूनच उपचाराचा भाग आहे: भाज्या, फळं, चालणं, भरपूर पाणी. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर उलट गच्च होतं, ही चूक फार होते. गिळायला त्रास होत असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपाच असतं. आयुर्वेदात ती पूर्वापार वापरात आहे. पण चालू गोळ्यांवर तिचं चूर्ण गुपचूप सुरू केलं तर एकूण मात्रा वाढते आणि डॉक्टरांचा हिशेब चुकतो. वापरायची असेल तर त्यांना सांगून.

निरोगी माणसाचे जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडायचे प्रयोगही झाले आहेत. २०२४ साली बेल्जियमच्या गटाला हालचालीत थोडी सुधारणा दिसली, फिनलंडच्या गटाला ती दिसली नाही. त्यामुळे ‘कंपवातावर खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या महागड्या पुड्यांवर आज पैसे घालू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

त्यापेक्षा एक साधी वही करा. आठवडाभर रोज गोळीची वेळ, जेवणाची वेळ, ताटात काय होतं, शौचाला झालं की नाही, आणि हातपाय कधी मोकळे वाटले, एवढं लिहा. पुढच्या भेटीत ती वही मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवा आणि पोटाचं त्यांनी विचारण्याआधी आपणच सांगा.