मूठ आणि चाप

थंडीचा कडाका पडू लागला आणि मेहरूणच्या बोरांच्या टोपल्या जळगावच्या बाजारात दिसू लागल्या, म्हणजे जाणते गिऱ्हाईक काय करते हे पाहण्यासारखे असते. ते रंगावर भाळत नाही. बोर दोन बोटांत धरते, अगदी हलकेच दाबते, आणि सालीखालचा गर कितपत भरला आहे याचा निवाडा बोटाच्या पेरावर सोपविते. त्याच बाजारात कुऱ्हाडीचा दांडा घ्यावयास आलेला शेतकरी तो उचलतो, तोलतो, मुठीत फिरवून पाहतो, आणि ‘हाताला बसत नाही’ एवढे तीनच शब्द बोलून चांगला गुळगुळीत दांडा परत ठेवून देतो. बोटाची पारख आणि मुठीची पारख अशा या दोन जुन्या पारखी ज्या एका आधुनिक विषयात एकत्र येतात, तो विषय म्हणजे नेमबाजीसाठी पिस्तुलाची निवड. आणि त्याच्याशी माझा संबंध आला तो माझ्या पुतणीमुळे.

चौदाव्या वर्षी तिला एअर पिस्तुलाच्या नेमबाजीची गोडी लागली, आणि मेहरूण तलावाच्या काठी संध्याकाळी फिरताना एके दिवशी तिने मला विचारले, “काका, यातलं सगळ्यांत चांगलं पिस्तूल कोणतं हो?” तिच्या हातात निरनिराळ्या कंपन्यांची माहितीपत्रके होती. ऑस्ट्रियाचे स्टायर, जर्मनीचे वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडचे मोरिनी, इटलीचे पार्दिनी, अशी या व्यवसायातील नामांकित घराणी त्यांत होती. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे तिच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन बसू लागलो, प्रशिक्षकांचे बोलणे ऐकू लागलो, तेव्हा ध्यानात आले की प्रश्नाची मांडणीच चुकलेली होती. सर्वांत चांगले पिस्तूल अशी काही वस्तू जगात नाही. एका विशिष्ट हाताला चांगले, एवढेच म्हणता येते.

शस्त्रांशी खानदेशाचा परिचय जुना आहे. १८२५ साली जेम्स आउटरॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली, आणि स्वतःच्या उंचीला व ताकदीला साजेसे बांबूचे धनुष्य वापरणाऱ्या तिरंदाजांच्या हाती सरकारी बंदूक आली. पुढे स्वतंत्र भारतात, १९६४ साली, याच जिल्ह्यातील वरणगावी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. परंतु पलटणीचे शस्त्र सर्वांसाठी एकाच मापाचे असते, आणि त्याच्याशी जुळवून घेण्याचा भार सैनिकाच्या हातावर पडतो. क्रीडा-पिस्तुलाचा धर्म याच्या नेमका उलट आहे: तेथे शस्त्राने हाताशी जुळवून घ्यावयाचे असते, आणि या दृष्टीने ते पलटणीच्या बंदुकीपेक्षा भिल्लाच्या धनुष्याच्या अधिक जवळचे आहे.

कायद्याची बाजू येथेच सांगून टाकतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून अधिक नाही आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, अशा हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेतील पिस्तूल याच वर्गात मोडते. बारूद जाळून गोळी सोडणारे, म्हणजे २५ मीटरच्या स्पर्धेतील ५.६ मिलिमीटर व्यासाचे पिस्तूल मात्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि त्यासाठी रीतसर अर्ज, पोलिसांची चौकशी आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम या सर्व पायऱ्या चढाव्या लागतात. त्या योग्यच आहेत, असे माझे मत आहे.

आता प्रथम मुठीचा विचार करू. नियमाप्रमाणे हे पिस्तूल एकाच हाताने, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता धरावयाचे असते, आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला वेढा घालून आधार देईल असा चालत नाही. एअर पिस्तुलाचे वजन सामान्यतः एक किलोच्या आसपास असते आणि दीड किलोच्या वर जाता येत नाही. पात्रता फेरीत साठ वेळा, सव्वा तासाच्या मुदतीत, हे वजन ताठ केलेल्या हाताने उचलून स्थिर करावयाचे, म्हणजे मुठीतला लहानसा विसंवादही शेवटच्या वीस नेमांत कसा भोवत असेल याची कल्पना यावी. चांगली बसलेली मूठ ती, जिच्यात अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बेचके पिस्तुलाच्या मागच्या वळणात खोल आणि वर जाऊन बसते, नळी कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत येते, भार मुख्यतः मधल्या बोटावर राहतो, तळहाताची खालची कड लाकडाच्या सरकत्या आधारावर टेकते, आणि तर्जनी पिस्तुलाच्या अंगाला न चिकटता मोकळी राहते.

ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. मूठ हाताला मोठी झाली तर तर्जनीचे केवळ टोक कसेबसे चापापर्यंत पोहोचते, आणि मग ती चाप सरळ मागे न ओढता तिरपा ढकलते. मूठ लहान झाली तर बोट चापाभोवती वळून पेराच्या सांध्याने तो खेचते, आणि पिस्तूल दुसऱ्या बाजूला कलते. बोटाच्या पहिल्या पेराची मऊ गादी चापावर आडवी, काटकोनात टेकली पाहिजे. म्हणूनच चांगल्या पिस्तुलात चाप पुढेमागे सरकविण्याची सोय असते, आणि अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत, डाव्या-उजव्या हातांसाठी निरनिराळ्या मिळतात. तरीही तयार मूठ ही कच्चा माल समजावी. जेथे बोचते तेथे कानशीने घासावयाचे, जेथे पोकळी राहते तेथे लांबी भरून ती वाळण्यापूर्वी मूठ आवळून हाताचा ठसा उमटवावयाचा, मग पॉलिश पेपर फिरवावयाचा. सुताराचे हे काम नेमबाजाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

मूठ बसली की नाही याची कसोटी मैदानावर मला एका प्रशिक्षकाने दाखविली, आणि तिच्या साधेपणाने मी चकित झालो. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून, तोंड लक्ष्याच्या दिशेला ठेवून, ते खाली धरावे, डोळे मिटावे, हात सहज वर न्यावा, आणि मग डोळे उघडून पाहावे. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असलेली माशी मागच्या खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून उभी असेल, तर मूठ आपली. ती डावीकडे वा उजवीकडे झुकलेली दिसली, आणि मनगट वळवून ती जागेवर आणावी लागली, तर ते मनगट साठ वेळा वळवावे लागणार, आणि प्रत्येक वेळी सारखे वळणार नाही.

आता चापाकडे वळू. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्पर्धेपूर्वी तपासणीच्या टेबलावर पिस्तूल नळी उभी करून धरतात, चापाला वजन अडकवितात, आणि ते वजन हळूहळू उचलतात. चाप न सुटता वजन वर आले तरच पिस्तूल मान्य होते. परंतु वजन हा चापाचा केवळ एक गुण झाला. चांगला चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट सुरळीत मागे येते आणि चापाचे बरेचसे वजन उचलून घेते. मग एका जागी ते स्पष्टपणे अडते, जणू भिंतीला टेकले. आणि त्या भिंतीवर दाब किंचित वाढविला की काडी मोडावी तसा नेम सुटतो. हा दुसरा टप्पा खरखरीत, लांबट किंवा रेंगाळणारा असेल, तर नेमबाजाचे मन ‘आता सुटेल, आता सुटेल’ या प्रतीक्षेत अडकते, आणि प्रतीक्षा करणारे बोट अखेर झटका देते. नेम सुटल्यावर चाप आणखी किती मागे जातो, हेही पाहावे लागते. तो फार मागे गेला तर बोटाचा उरलेला जोर, छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आतच, पिस्तुलाला हलवितो.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे कोणी म्हणेल तर त्यास एक हिशेब सांगतो. १० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या दादर ज्वारीचे तीन दाणे ओळीने मांडले तर जवळपास तेवढीच लांबी भरेल. माशी आणि मागची खाच यांत ३३ सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. हात हलला, पण माशी खाचेत सरळ राहिली आणि पिस्तूल समांतर एक मिलिमीटर सरकले, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो आणि दहा गुण कायम राहतात. पण चाप दाबताना माशी खाचेतून एक मिलिमीटर बाजूला गेली, तर नळीचा कोन बदलतो, आणि १० मीटरवर तो छर्रा सुमारे ३० मिलिमीटर दूर, म्हणजे ५९.५ मिलिमीटर व्यासाच्या काळ्या वर्तुळाच्या अगदी काठावर जाऊन पडतो. हाताचे झुलणे क्षम्य असते; बोटाची चूक मात्र तीसपट होऊन परत येते.

बंदोबस्तासाठी परवान्याने बाळगलेल्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी, आणि ती समजून घेतली नाही तर क्रीडेचा नियम भलत्याच ठिकाणी लावला जाईल. त्यात घोडा आधी चढविलेला नसेल तर चाप ओढतानाच घोडा मागे जातो आणि गोळ्यांचे चक्रही फिरते; साहजिकच तो चाप जड आणि लांब असतो. घोडा अंगठ्याने आधी चढविला तर तोच चाप हलका आणि आखूड होतो. तेथील जडपणा हा दोष नव्हे. घाबरलेल्या बोटाला घातलेला तो लगाम आहे.

मूठ आणि चाप यांच्या मैत्रीचे मोल कोठे दिसत असेल तर ते महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत. तिच्या शीघ्र भागात लक्ष्य तीन सेकंद खुले राहते आणि सात सेकंद बंद. हात ४५ अंशांत खाली ठेवून वाट पाहावयाची, आणि त्या तीन सेकंदांत हात उचलून, माशी जुळवून, १००० ग्रॅमचा चाप न हलता दाबावयाचा. मनगट वळवून माशी सुधारण्यास तेथे अवकाशच नसतो. या कठीण प्रकारात महाराष्ट्राने मानाचे स्थान मिळविले आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत मूळच्या महाराष्ट्राच्या अनिसा सय्यद यांनी वैयक्तिक सुवर्ण आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्य मिळविले. चार वर्षांनी ग्लासगो येथे राहींनी सुवर्ण आणि अनिसांनी रौप्य घेतले. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांग येथे, आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून यांचे ३४-३४ असे समान गुण झाले. निर्णयासाठी पुन्हा पाच-पाच नेम घेतले, तेव्हाही चार-चार. पुन्हा पाच-पाच, आणि या वेळी तीन-दोन. आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज अशी नोंद त्या एका नेमाने झाली. असा एखादा नेम सोडताना बोटाने चापाची भिंत शोधीत बसावयाचे नसते. ती कोठे आहे हे हाताला वर्षानुवर्षे ठाऊक असावे लागते.

काही पिस्तुलांत चाप यांत्रिक, तर काहींत विजेच्या बॅटरीवर चालणारा असतो. दुसऱ्यात नेम सुटण्याची कडा विलक्षण स्वच्छ लागते. पहिल्याची दुरुस्ती सोपी असते आणि बॅटरीची चिंता नसते. कोणतेही घ्यावे, पण यंत्राची देखभाल टाळू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, मनू भाकर यांच्या पिस्तुलाची कळ १० मीटर एअर पिस्तुलाच्या ऐन पात्रता फेरीत तुटली, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर त्या बाराव्या राहिल्या. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले, हेही येथे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. आधी मूठ, मग चाप, मग तोल, आणि नाव व किंमत सर्वांत शेवटी. मैदानावर मिळतील तेवढी पिस्तुले मागून घ्यावीत. धन्याच्या परवानगीने, रिकाम्या पिस्तुलाचा चाप भिंतीकडे नेम धरून शंभर वेळा दाबून पाहावा. आणि पहिल्या दहा वेळांत काय वाटले याहून शेवटच्या दहा वेळांत हात काय सांगतो याकडे लक्ष द्यावे.

माझ्या पुतणीने तीन पिस्तुले अशी पाहिली. पहिले कोरे करकरीत होते आणि तिचा जीव त्याच्यावर जडला होता, पण तिच्या तर्जनीचे टोक तेवढे चापाला लागे. अखेर तिने एका जुन्या नेमबाजाने वापरलेले, लहान मुठीचे पिस्तूल घेतले. तळहाताशी उरलेली पोकळी लांबीने भरून काढली, अंगठ्याखालचा उंचवटा कानशीने उतरविला. आता दोन हिवाळे झाले. त्या लाकडावर घामाने एक काळसर ओल मुरली आहे, आणि आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या नांगराचे जे रुमणे ठेवले आहे, त्याच्यावर त्यांच्या मुठीच्या जागी जशी झिलई आहे तशीच झिलई येथेही धरू लागली आहे. परवा तिने ते पिस्तूल, रिकामे आहे हे मला दाखवून, माझ्या हातात दिले. मी ते उचलले, तोलले, मुठीत फिरवून पाहिले. माझ्या हाताला ते बसत नाही; आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटले.