उंदीर पडूं लागले म्हणजे काय करावें?

शेतकऱ्याच्या घरीं उंदीर मेला म्हणजे धान्याचा एक शत्रु कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. परंतु न मारतां व विष न घालतां जो उंदीर मरून पडतो, तो मोठ्या संकटाची सूचना असूं शकतो. ही सूचना कशी ओळखावी आणि कोणतें काम आधीं व कोणतें मागाहून करावें, हें प्रत्येक कुटुंबप्रमुखास ठाऊक असणें इष्ट आहे.

निरोगी उंदीर बहुधा रात्रीं हिंडतो व चाहूल लागतांच बिळांत शिरतो. आजारी उंदीर दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, झोकांड्या खातो, हांकलला तरी पळत नाहीं. त्याचे केस विस्कटलेले दिसतात. अंगावर जखम नसतां दोन-चार उंदीर थोड्या दिवसांत मेलेले आढळले, तर प्रथम आपण किंवा शेजाऱ्यानें विष घातलें होतें काय, याची चौकशी करावी. झिंक फॉस्फाईडनें उंदीर बहुधा कांहीं तासांतच मरतो. ब्रोमॅडिओलोननें मात्र कांहीं दिवसांनीं मरतो, म्हणून मागील पंधरवड्याची आठवण करावी. विषाचा संबंध नसेल तर प्लेगचा संशय धरावा. खरें निदान प्रयोगशाळेंतच होतें.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची साथ उद्भवली. रोग उंदराकडून माणसाकडे कसा येतो, हें १८९८ सालीं कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं प्रयोगानें दाखविलें. उंदराच्या अंगावरील पिसू हें त्या रोगाचें वाहन होय. उंदीर जिवंत असेतोंपर्यंत पिसू त्याच्या रक्तावर जगते. प्रेत थंड पडलें कीं ती दुसरें उबदार अंग शोधते व माणसास चावते.

यावरूनच कामाचा क्रम ठरतो. उंदीर पडत असतां सापळे व विष घेऊन उरलेल्या उंदरांच्या मागें लागणें घातक होय. कारण जितके उंदीर मरतील तितक्या उपाशी पिसवा घरांत सुटतील. म्हणून आधीं पिसवा, मग उंदीर. प्राथमिक आरोग्य केंद्रास व ग्रामपंचायतीस त्याच दिवशीं वर्दी द्यावी. मेलेल्या उंदरास उघडा हात लावूं नये. मुलांस व कुत्र्यामांजरांस दूर ठेवावें. मदत येण्यास विलंब असल्यास हातमोजे घालून प्रेतावर व भोंवतीं पिसवा मारण्याची भुकटी टाकावी, मग लांब चिमट्यानें तें दुहेरी पिशवींत घालून तोंड घट्ट बांधावें व केंद्राच्या सांगण्याप्रमाणें त्याची वाट लावावी. बिळांच्या तोंडाशीं व उंदरांच्या वाटांवरहि भुकटी घालावी. धान्यावर ती पडूं देऊं नये. पिसवा हटल्यावरच उंदरांचा नायनाट हातीं घ्यावा.

घरांत कोणास एकाएकीं ताप भरून जांघेंत, काखेंत किंवा मानेस दुखरी गांठ आली, तर तत्काळ दवाखान्यांत न्यावें व घरांत उंदीर पडल्याचें डॉक्टरांस सांगावें. वेळीं दिलेल्या स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सिसायक्लीन यांसारख्या औषधांनीं रोग बरा होतो. औषधावांचून गांठीच्या प्लेगानें शेंकडा ३० ते ६० रोगी दगावतात.

आज हा रोग आपल्याकडे क्वचितच आढळतो. तरी १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं आधीं पिसवांचा उपद्रव व उंदीर पडणें, आणि नंतर माणसांस गांठीचा ताप, असाच क्रम दिसला होता.

मात्र धडधाकट दिसणारा उंदीर निर्दोष समजूं नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु बाळगणारा उंदीर आजारी दिसत नाहीं. त्याच्या मूत्रानें दूषित झालेल्या भातखाचरांतील पाण्यांतून ते पायाच्या जखमेवाटे शरीरांत शिरतात. म्हणून जखम झांकून व शक्य तर रबरी बूट घालून चिखलांत उतरावें. आणि धान्य पत्र्याच्या कोठींत, जमिनीपासून उंच ठेवावें. जेथें उंदरास अन्न मिळत नाहीं, तेथें त्याचा रोगहि फार काळ वस्ती करीत नाहीं.